वॉर्ड बिनविरोध कसा करावा

मतदान म्हणजे नसती कटकट. प्रचार, कर्णे, शेजाऱ्याशी वैर. त्यापेक्षा वॉर्ड बिनविरोध करून टाकावा. 10 ऑगस्ट 2022 च्या पंचायत निवडणुकीत गोव्यात 64 पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, असेच आले, आमचाही त्यातलाच. तुम्हालाही जमेल.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की "आमच्या बायका असल्या भानगडीत पडत नाहीत" म्हणा आणि मोकळे व्हा.

सूचक म्हणून सही मागायला कोणी आला, तर बायकोला सांगायला लावा, ते पणजीला गेलेत.

तरीही एखादा शहाणा फॉर्म भरतोच. भिऊ नका, मागे घ्यायला मुदत असते. आदल्या रात्री त्याच्या अंगणात गाडी लागते. धमकी? छे, चहा घेतात. "आपलीच माणसं, कशाला वैर?" मग सहज चौकशी. पोराच्या नोकरीचं काय झालं? मागची खोली वाढवलीस, लायसन्स घेतलंस ना? घर क्रमांकाची फाइल अजून अडलीय? शेवटी देवळात नेऊन नारळावर हात. देवासमोर दिलेला शब्द तो मोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. स्वतःचे शब्द मोडताना मात्र यांना देव आठवत नाही! दुसऱ्या दिवशी फॉर्म मागे, एकच नाव उरतं, अधिकारी विजयी जाहीर करतात, संध्याकाळी फटाके. सात पंचांच्या पंचायतीत चार हात वर झाले की सरपंच. त्यातला एक हात मतदानाआधीच खिशात. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं म्हणे. नसतं, पॅनल असतं, आणि ते कुणाचं हे शेंबडं पोरही सांगेल.

ग्रामसभेला अजिबात जाऊ नका.

परवा मी बंद पडलेल्या दिव्याचं सांगायला पंचाकडे गेलो. मोबाइलवरून नजर न उचलता तो म्हणाला, "तुवें म्हाका मत दिलां?"

नाही दिलं. कुठून देणार? मतपत्रिकाच छापली नव्हती!

पण त्याला काय बोलायचं. तुम्हाला बोलतोय. ती गाडी कुणाची, हे तुम्ही ओळखलं होतं. खिडकी लावून घेतलीत. सकाळी फॉर्म मागे घेणाऱ्याला "भ्याला रे" म्हणून हसलात, आदल्या रात्री त्याच्या अंगणात जाऊन उभं राहायला एकजण नव्हता. आणि आता वाड्याच्या वर मेगा प्रोजेक्ट उभा राहतोय, विहिरी आटतील म्हणून फेसबुकवर गळे काढताय. बांधकाम परवाना पंचायतीने दिलाय. तिथे हात वर करणारा तुम्हीच फुकटात पाठवलाय.