गवे वाढले की कमी झाले?

सुगीच्या तोंडावर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दरवर्षी हाच वाद पेटतो. शेतकरी म्हणतात, गवे बेसुमार वाढलेत. निसर्गप्रेमी म्हणतात, जंगल तुटलं म्हणून ते शिवारात उतरतात. स्कॉटलंडात बसून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ही भांडणं वाचताना मला एकच विचारावंसं वाटतं: मोजले कुणी?

दिसले तेवढे लिहिले, याला मोजणी म्हणत नाहीत. इथल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात या गणितावर एक अख्खं केंद्र काम करतं. आखलेल्या रेषेवरून चालायचं, जनावर दिसलं की ते रेषेपासून किती लांब होतं ते टिपायचं. अंतर वाढेल तशी नजर चुकते. ती किती चुकते हे कळलं, की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज कितपत पक्का तेही सांगता येतं. यात गोऱ्यांचं कौतुक करण्यासारखं फार नाही. १९९०च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी आपल्याच कर्नाटकात, नागरहोळेच्या जंगलात, अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून सांख्यिकी पद्धतीने गणना केली होती.

कौतुक करायचंच तर चिकाटीचं. ब्रिटनमध्ये १९७६ पासून हौशी माणसं ठरलेल्या वाटांवर एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला फुलपाखरं मोजतात. म्हणून तापमान वाढल्यावर कोणती जात उत्तरेकडे सरकली, हे पुराव्यानिशी बोलता येतं. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. पाऊसमान बदललं म्हणून तिथले गवे खाली उतरतात का, हे एका वर्षाच्या गणनेतून कधीच कळणार नाही.

अर्थात फुलपाखरं कुणाचं भात खात नाहीत. रात्रभर माळ्यावर जागणाऱ्याला रेषेवरून चाला म्हणणं मलाच उद्धटपणाचं वाटतं. त्याच्यासाठी आधी नुकसानभरपाईचा अर्ज मराठीतही मिळायला हवा. हा भाषेच्या हक्काचा प्रश्न आहेच, पण कन्नड अर्जाला कंटाळून जो घरी बसतो, त्याचं नुकसान कागदावर शून्य होतं. मग नुकसानीचा नकाशा काढला, तर त्यात गव्यांपेक्षा अर्जदारच जास्त दिसतील.

भीमगडाला लागून गोव्याचं म्हादई अभयारण्य, पलीकडे महाराष्ट्रातलं तिलारीचं जंगल. तिन्ही वनखात्यांनी एकाच हंगामात, एकाच पद्धतीने मोजावं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. त्याच्या निकालापर्यंत गव्यांची मोजणी अडवून ठेवायचं कारण मला दिसत नाही.