‘मन रिकामं करा, गोळ्या फेकून द्या’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुप्सवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात मजकूर असा: माइंडफुलनेस म्हणजे मन पूर्ण रिकामं करणं, रोज १० मिनिटं केलं की २१ दिवसांत राग-भीती-दुःख कायमचं जातं, डिप्रेशनच्या गोळ्यांची गरज नाही हे अमेरिकेत सिद्ध झालंय, आणि याला साइड इफेक्ट शून्य, लहान मुलांपासून आजीपर्यंत कुणीही करा. खाली हात जोडलेले इमोजी. माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देणं, उपयोगी आहे असं माझंही मत आहे, म्हणूनच हे वाचून जास्त वैताग आला.

“एकही विचार येता कामा नये.”
हे लिहिणारा स्वतः पाच मिनिटं तरी बसला असेल का, शंकाच आहे. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग छापून आला, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर ‘आता खुशाल करा विचार’ म्हटल्यावर ज्यांनी आधी दाबून ठेवलं होतं त्यांच्याच डोक्यात अस्वल जास्त यायला लागलं. तर विचार येणारच, लक्ष भरकटणारच, भरकटलं हे कळलं की परत श्वासावर नाहीतर पायाच्या तळव्यांवर आणायचं, शंभरदा गेलं तर शंभरदा आणायचं, सराव तो एवढाच. ‘माझं मन लागतच नाही’ म्हणून लोक दोन दिवसांत सोडून देतात ते असली वाक्यं वाचूनच.

“२१ दिवसांत राग, भीती, दुःख कायमचं जातं.”
का जावं पण? घरात कुणी गेलं तर दुःख होणारच ना.
भावना प्रचंड उसळतात, त्या भरात स्वतःला इजा करून घेतली जाते, अशा लोकांसाठी मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत सिएटलला डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची थेरपी तयार केली, त्यात माइंडफुलनेस हे पायाचं कौशल्य आहे. तिथे भावना संपवायला शिकवत नाहीत, आधी बघायला आणि मग शब्दांत मांडायला शिकवतात. समजा बॉसने ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘प्लीज एक्सप्लेन’ टाकलं. कान गरम झाले, जबडा आवळला, ही नोंद. ‘मला मुद्दाम पाडतोय’ हा विचार आलाय, ही दुसरी नोंद, आणि तो विचार आहे, पुरावा अजून नाही. तिसरी, आत्ताच्या आत्ता खरमरीत रिप्लाय टाकायची ऊर्मी. एवढं नोंदवेपर्यंत ऊर्मीचा जोर बरेचदा थोडा ओसरतो आणि काय लिहायचं ते आपण ठरवू शकतो. राग तिथेच असतो हो, आणि कधी कधी तो बरोबरही असतो! फक्त हे ऐन भांडणात पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही, म्हणून भांडी घासताना, लोकलमध्ये उभं असताना, काही घडत नसताना सराव करायचा. २१ दिवस कुठून आले देव जाणे.

“गोळ्या बंद करा, अमेरिकेत सिद्ध झालंय.”
हा मुद्दा धोकादायक आहे. बहुतेक अमेरिकेतला २०२२ चा एक अभ्यास अर्धवट वाचून हे लिहिलंय. त्यात २७६ जण होते, आजार अँक्झायटीचे (म्हणजे अति चिंतेचे), डिप्रेशनचे नाही. निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी, निम्म्यांना ८ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स, आणि दोन्हीकडे फायदा साधारण सारखा दिसला. भारी गोष्ट आहे, पण कोर्स म्हणजे काय तर दर आठवड्याला अडीच तासांचा प्रशिक्षित शिक्षकाबरोबर वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं, शिवाय एक पूर्ण दिवसाचं सत्र. फॉरवर्डमधली १० मिनिटं कुठे आणि हे कुठे.

डिप्रेशनबद्दल इंग्लंडचा २०१५ चा अभ्यास आहे, ४२४ लोक, तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेलं पण त्या वेळी बरे असलेले. माइंडफुलनेसवर आधारित थेरपी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना दोन वर्षांत ते परत आलं, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. आणि थेरपी घेणाऱ्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या, फॉरवर्ड वाचून कचऱ्यात टाकल्या नव्हत्या. या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, झोप उडणं, डोक्यात शॉक बसल्यासारखं होणं, चिडचिड असं होऊ शकतं, आणि आजार उलटू शकतो तो वेगळाच. कमी करायच्या असतील तर जे लिहून देतात त्यांच्याशी बोला. डॉक्टर लांब असतील, नुसतं बोलायचं असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

“साइड इफेक्ट शून्य, कुणीही करा.”
इगतपुरीला जी विपश्यना, म्हणजे याच्याच जवळची ध्यानपद्धत, शिकवतात त्यांच्याच माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की हे मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिफारस करत नाही. शिकवणारेच सांगतायत, मग आपण व्हॉट्सॲपवर कशाला मोठेपणा करायचा? काहींची डोळे मिटून बसल्यावर भीती वाढते, जुना आघात असेल तर तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो. मुलांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ८ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही, बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता (आपली तरी कुठे करतील).

घाबरून सोडा असं म्हणत नाहीये. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, दोन-तीन मिनिटांपासून सुरू करा, चालता चालता केलं तरी चालतं. अस्वस्थता वाढत गेली तर थांबा, ‘अजून जोर लावा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आणि आधीपासून उपचार चालू असतील तर सुरू करण्याआधी तिथे एकदा विचारून घ्या.