‘दहा शॉर्टकट, दहापट वेग’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘एआयचे हे दहा शॉर्टकट पाठ करा, लिहिण्याचा वेग दहापट होईल’ अशा अर्थाचे मेसेज ऑफिसच्या, शिक्षकांच्या, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत फिरत असतात. त्यात साधारण असं सांगितलेलं असतं: हे शॉर्टकट सगळीकडे चालतात, कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआयचं, बटण असलेलाच लॅपटॉप घ्या, कॉपी-पेस्टचे दिवस संपले, माउस धरणारे मागे पडतील आणि मराठीतही सगळं तसंच चालतं. शॉर्टकट शिकावेत याबद्दल माझं दुमत नाही. पण या यादीमुळे नवशिका माणूस नको त्या कळा घोकत बसतो आणि ज्यांची रोज गरज पडते त्या त्याला कुणी सांगतच नाही. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी दहापट वेग. शॉर्टकटने वाचतो तो एआयची खिडकी उघडण्याचा वेळ, म्हणजे फार तर दोन-तीन सेकंद. खरा वेळ जातो तो काय हवं ते नीट सांगण्यात आणि आलेला मजकूर वाचण्यात. समजा, सोसायटीच्या सेक्रेटरींनी एआयला लिहिलं, ‘रविवारी सकाळी टाकी धुणार, दुपारपर्यंत पाणी नाही, आदल्या रात्री भरून ठेवा, नोटीस करून दे.’ क्षणात उत्तर येतं: ‘सर्व सन्माननीय सभासदांना सूचित करण्यात येते की, आपल्या आरोग्याच्या दृष्टीने पाण्याच्या टाकीची स्वच्छता हाती घेण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.’ भाषा झकास. पण ‘रविवारी सकाळी’, ‘दुपारपर्यंत’ आणि ‘आदल्या रात्री भरून ठेवा’ हे सगळंच गळालं. नोटीस तशीच लागली, तर सोमवारी सेक्रेटरींना वीस घरांना उत्तरं द्यावी लागतील. हे वाचन वाचवणारा शॉर्टकट कुठल्याही कीबोर्डवर नाही.

‘सगळीकडे चालतात’ हे तर सरळच चूक आहे. ऑल्ट आणि स्पेसबार ही जोडी घ्या. विंडोजमध्ये ती पूर्वीपासून खिडकीचा छोटा मेनू उघडते. चॅटजीपीटीचं विंडोज ॲप टाकलं की तीच जोडी ते मागतं, कोपायलटचं ॲपही तीच मागतं, आणि पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या जादा सोयींच्या ॲपमधल्या शोधपट्टीलाही मुळात तीच दिलेली आहे. एकाच संगणकावर हे सगळं असेल तर त्या कळेने काय उघडेल ते सेटिंगवर ठरतं. वर्डमध्ये ज्यांच्याकडे कोपायलट आहे त्यांना ऑल्ट-आय दाबून मसुदा मागता येतो. तीच कळ ब्राउझरमध्ये तो मसुदा देणार नाही. बहुतेक चॅटच्या चौकटीत एंटर दाबलं की प्रश्न जातो आणि नव्या ओळीसाठी शिफ्ट-एंटर लागतं. वर्डची सवय असलेल्या माणसाचा प्रश्न अर्धाच जातो तो याच फरकामुळे. पाठ करायचीच असेल तर ही एक जोडी आधी करा.

कोपायलटच्या बटणाची घोषणा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये केली. १९९४ मध्ये विंडोजचं बटण आलं, त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी कीबोर्डमध्ये झालेला हा मोठा बदल. पण बटणात बुद्धी नसते. ते दाबल्यावर डावी शिफ्ट, विंडोज आणि एफ-२३ या कळा एकत्र दाबल्याचा संकेत जातो आणि त्याला जोडलेलं ॲप उघडतं. अलीकडच्या विंडोजमध्ये सेटिंगमधून ते बदलताही येतं. या बटणासाठी जुना लॅपटॉप बाद करण्याचं काहीच कारण नाही. उलट अनेक लॅपटॉपवर हे बटण उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनूच्या कळेच्या जागी बसवलं आहे. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध व्यक्तींना त्या दोन्ही कळा नेहमी लागतात. मेनूच्या कळेऐवजी शिफ्ट-एफ-१० चालतं, हे त्यांना सांगणारा मेसेज मात्र फिरताना दिसत नाही.

आता सगळ्यात चुकीचा दावा: कॉपी-पेस्टचे दिवस संपले. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची सोपी पद्धत घडवली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३च्या लिसा संगणकावर एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा त्या कामाला लागल्या. एआय आल्यावर याच जुन्या कळांचं काम वाढलं आहे, कारण तयार मजकूर एका खिडकीत येतो आणि लागतो दुसऱ्या खिडकीत.

तो नुसता कंट्रोल-व्हीने चिकटवला की वेगळा फॉन्ट, लहानमोठी अक्षरं, कधी शब्दांमागचा करडा पट्टाही सोबत येतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, फक्त अक्षरं येतील. क्रोममध्ये आणि नव्या वर्डमध्ये हे चालतं. विंडोज-व्हीने आधी कॉपी केलेले पंचवीसपर्यंत तुकडे पुन्हा समोर येतात. ही सोय एकदा चालू करून घ्यावी लागते. एआयचे दोन मसुदे आलटूनपालटून वापरताना तिच्यासारखी दुसरी सोय नाही. आणि वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून बदलांची नोंद चालू केली, मग एआयने सुधारलेला परिच्छेद तुमच्या परिच्छेदावर चिकटवला, तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही पानावर राहतं. गळालेलं ‘आदल्या रात्री’ लगेच दिसतं. मसुदा नको असेल तर कंट्रोल-झेड आहेच. लिहिणाऱ्याचा हात मजकुरावर राहतो तो या कळांमुळे, म्हणून त्या आधी शिकायच्या.

माउस धरणारे मागे पडतात असंही नाही. दिवसातून दोनदा एआय उघडणाऱ्याने क्लिक केलं तर काही बिघडत नाही.

राहिला मराठीचा मुद्दा. आपल्याकडची असंख्य पत्रकं, अहवाल, प्रश्नपत्रिका अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. असा मजकूर निवडून एआयचा कुठलाही शॉर्टकट दाबा, त्याच्यापुढे निरर्थक अक्षरांची रांग जाते. त्यावर तो जे उत्तर देईल ते अंदाजाने दिलेलं असेल, आणि अंदाज मराठीत छान लिहिलेला असला की खराच वाटतो. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, मगच पुढे पाठवा.

नवीन मजकूर तर थेट युनिकोडमध्येच लिहावा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी अक्षरांच्या ठरावीक मांडणीचा कीबोर्ड आधीपासून आहे, आणि २०१९ पासून ‘namaskar’ च्या उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. मराठी माणसाला एआयकडे मराठीत काही मागायचं तर दर वेळी हीच जोडी लागते, आणि त्या मेसेजच्या यादीत नेमकी तीच नाही.