झोपेत अंग आखडतं, कोणीतरी छातीवर बसल्यासारखं वाटतं, त्याबद्दल

याला डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात, आणि त्याने माणूस मरत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी म्हणतं, अमक्याचा मुलगा असाच झोपेत गेला, उरावर बसलं होतं त्याच्या. आणि ऐकणारा पोरगा त्या रात्रीपासून झोपायलाच घाबरतो.

आधी हे होतं कसं ते बघा. झोपेत साधारण दीड तासाच्या फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत एक टप्पा स्वप्नांचा, त्याला रेम म्हणतात, पहाटेकडे तो लांबत जातो. या टप्प्यात मेंदूच हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणजे स्वप्नात तुम्ही धावलात तरी खाटेवरून उडी मारत नाही. ही सोयच आहे आपली. ज्यांच्यात ही सोय बिघडते ती माणसं झोपेत खरोखर लाथा मारतात, शेजारी झोपलेल्याला लागतं. तर कधी कधी असं होतं की जाग आधी येते आणि स्नायू अजून सैलच असतात. डोळे उघडे, खोली दिसते, पंखा फिरताना दिसतो, पण आवाज फुटत नाही, बोट हलत नाही. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, म्हणून दाराशी कोणी उभं दिसतं, पावलं ऐकू येतात. मेंदूचा भीतीचा भाग त्या वेळी जोरात चालू असतो, त्यामुळे जे दिसतं ते बहुतेक वेळा भयंकरच दिसतं.

आणि छातीवरचं वजन? श्वासाचा मुख्य पडदा, डायफ्राम, त्याचं काम बंद होत नाही, पण बरगड्यांमधले स्नायू सैल असतात, तुम्ही घाबरून मोठा श्वास ओढायला जाता आणि तो ओढला जात नाही, मग वाटतं कोणीतरी दाबून धरलंय. श्वास चालूच असतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं, आणि आपोआप सुटतं. आयुष्यात कधीतरी एकदा तरी हे झालेली माणसं शंभरात सातआठ निघतात, कॉलेजच्या मुलांत तर पंचवीसच्या वर. म्हणजे तुमच्या वाड्यावरही आहेत, बोलत नाहीत इतकंच.

माझा भाचा इथे गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत शिफ्टला आहे. एक आठवडा रात्रपाळी, पुढचा आठवडा सकाळची, कधी झोपला कधी उठला काही मेळ नाही. त्याला हे सुरू झालं तेव्हा ताईने देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल घेतला, ते ठीक आहे, आम्हीही लावतो, मनाला धीर येतो. पण मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका घाड्याकडे, म्हणजे भुतंखेतं उतरवणाऱ्याकडे, नेलं आणि त्याने सांगितलं की बाहेरचं आहे, रात्री डोळा लागू द्यायचा नाही, दिवा लावून जागं राहायचं. माझा राग इथे आहे. झोप मोडलेल्या माणसाला आणखी जागवलं की हा त्रास वाढतो, कारण अपुरी राहिलेली झोप मग नको त्या वेळी, नको तशी येते. पोरगा वाळून गेला हो. दुपारी जेवता जेवता डोळे मिटायला लागला.

आणि ज्याच्या नावाने हे खपवतात तो देवचार, आमच्या गोव्यातला गावाचा राखण्या. मी देवचाराला मानते, आमच्याकडून वर्षाचा रोट जातो, विडी जाते. तो हातात दांडा घेऊन रात्री गावाची शीव राखतो असं आपण लहानपणापासून ऐकलं. गावाचा राखणदार गावच्याच पोराच्या छातीवर बसेल? असं म्हणणाऱ्याने देवचाराचाही अपमान केला असं मला वाटतं.

जगात सगळीकडे याला असंच काहीतरी चिकटवलंय. इजिप्तमध्ये जिन, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण. इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली गेली तेव्हा इजिप्तमध्ये, जिथे लोक याला जिनाचं काम मानतात, तिथे हा त्रास जास्त वेळा, जास्त वेळ आणि मरणाच्या भीतीसकट होतो असं दिसलं. म्हणजे घरात आपण पोरांना काय सांगतो याचा परिणाम होतो.

झोपेत तरुण माणूस अचानक जातो हे खोटं नाही, पण ते दुखणं वेगळं. ब्रुगाडा सिंड्रोम म्हणून हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड असतो, 1992 मध्ये त्याचं नीट वर्णन झालं. घरात कोणी तरुणपणी असं गेलं असेल, किंवा तुम्हालाच मधेच चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल तर ईसीजी काढा, टाळू नका. तसंच दिवसा आवरत नाही इतकी झोप येते, हसताना गुडघे लुळे पडतात, किंवा रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, असं काही बरोबर असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. बांबोळीला मानसोपचाराचं इस्पितळ आहे, तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं काही नसतं, हे मला लोकांना किती वेळा सांगावं लागतं.

बाकीच्यांनी उताणं झोपायचं टाळा, कुशीवर झोपा, उताण्या झोपेत हे जास्त होतं. अंग आखडलं तर सगळं शरीर झटकायला जाऊ नका, श्वास हळू सोडा आणि फक्त पायाचं एक बोट हलवायला बघा. शेजारी कोणी असेल तर त्याने नाव घेऊन हाक मारावी, खांद्याला हात लावावा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

भाच्याच्या बाबतीत मला त्या सावलीची भीती कधीच वाटली नाही. मला भीती वाटते ती रात्रपाळी सुटल्यावर तो पेंगत बाईकवरून बोरीच्या पुलावरून फोंड्याला येतो त्याची. आता ताईला सांगितलंय, तो आला की खोलीला जाड पडदा लावायचा, मिक्सर दुपारनंतर, आणि पाहुणे आले तरी त्याला उठवायचं नाही. कंपनीच्या बसची चौकशीही चालू आहे, सुपरवायझरला मी स्वतः फोन करणार आहे.