रजिस्टर केलेल्या मृत्युपत्रालाही आव्हान देता येतं

गेल्या आठवड्यात मावशीने एक मेसेज पुढे पाठवला. ‘मृत्युपत्र रजिस्टर असेल तर कुठलंही कोर्ट ते रद्द करू शकत नाही. वारसांनी वकिलावर पैसे घालवू नयेत.’ सोबत आणखी तीन मुद्दे, आणि खाली मावशीचं वाक्य : ‘दीर म्हणतात सही कर. करून टाकते.’ काका आधीच गेले. आता सासरेही गेले, आणि शेवटच्या दुखण्यात त्यांनी सगळं धाकट्या मुलाला दिल्याचं मृत्युपत्र निघालंय. तेव्हा ते मावशीलाही ओळखत नव्हते. असल्या मेसेजवर विसंबून ती हक्क सोडायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

मुद्दा पहिला, आणि सर्वांत घातक. दस्त नोंदवून घेणारा दुय्यम निबंधक मुख्यतः काय बघतो? समोरचा माणूस तोच आहे ना आणि दस्त आपणच केल्याचं कबूल करतो ना, एवढंच. त्याच्यावर घरात कुणी दबाव आणला, मजकूर त्याला कळला का, याची चौकशी तिथे होत नाही. पुरावा कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलंय. साक्षांकन, म्हणजे साक्षीदारांच्या सह्या, लागणारा दस्त नोंदणीकृत असेल आणि तो केल्याचं कुणी नाकारलं नसेल, तर साक्षीदाराला कोर्टात बोलावण्याची गरज नाही. पण या सवलतीतून मृत्युपत्र नाव घेऊन वगळलंय. जुन्या कायद्यात हे कलम ६८ होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ आहे. म्हणजे नोंदणी असो वा नसो, दोनपैकी किमान एक साक्षीदार हयात असेल तर त्याने कोर्टात येऊन सांगायलाच हवं.

आव्हानाची कारणं भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्ये आहेत. आजाराने किंवा नशेने आपण काय करतोय हेच कळत नसेल, तर त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही (कलम ५९). फसवून, धाक घालून किंवा मागे लागून, स्वतःची इच्छाच उरू न देता करवून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल (कलम ६१). दोन साक्षीदारांच्या रीतसर सह्या नसतील तरीही ते टिकत नाही (कलम ६३).

सर्वोच्च न्यायालयाचा वेंकटाचल अय्यंगार खटल्यातला १९५८ चा निकाल आजही प्रमाण मानतात. तो न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलाय. थरथरती सही, दुबळं मन, जवळच्यांना कारण नसताना वगळणं, आणि ज्याला मोठा लाभ त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेणं, या संशयाच्या जागा. त्या असतील तर संशय फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. इथे दिरांनी उत्तर द्यायचंय, मावशीने नव्हे.

एक मान्य करावं लागेल. नोंदणीला वजन असतं. फोटो, अंगठा, निबंधकाची नोंद असताना ‘सहीच खोटी’ हे सिद्ध करणं अवघड जातं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

बाकीचे मुद्दे. ‘स्टॅम्प पेपर हवाच’ : चूक, साधा कागद चालतो. ‘डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं की विषय संपला’ : तेही चूक. ते कायद्याने सक्तीचं नाही, आणि असलं तरी डॉक्टरची उलटतपासणी होऊ शकते. ‘मुलांना वगळलं तर मृत्युपत्र आपोआप रद्द’ : हिंदू माणूस स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देऊ शकतो. वाटा मिळाला नाही, एवढंच कारण पुरत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम कायद्यात एक तृतीयांशाची मर्यादा आहे, त्यापुढे वारसांची संमती लागते.

मावशीने सही केलेली नाही. मृत्युपत्र करणारा वारल्यावर नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल कुणालाही अर्ज करून मिळते, त्यासाठी मृत्यूचा दाखला घेऊन ती सोमवारी निबंधक कार्यालयात जाणार आहे. साक्षीदार कोण होते, हे आधी बघायचंय.