पामोलीनचा पंचनामा

परवा किराणा दुकानात दोन पाऊच तेल मागितलं. एवढाच माझा गुन्हा.

ओट्यावर बसलेल्या काकाजींनी त्यातलं एक माझ्या हातातून ओढून घेतलं. सुतळीनं कानाला बांधलेला चष्मा चढवला आणि तलाठ्यानं सातबारा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, "रि-फा-इं-ड पा-मो-ली-न." दुकानात चार शाळकरी पोट्टे, गिरणीवाला आणि माझी चुलत विहीण. सगळे गप होऊन ऐकत.

"बापू, हे कोन्या झाडाचं व्हय?"

"ताडासारखं असते. इंडोनेशिया-मलेशियात."

"अन् तुह्या वावरात काय हाय?"

"सोयाबीन."

"मंग परदेसातलं काहून नेतं रे? देशाचा पैसा चालला ना बाहीर! मी तं फल्लीच्या तेलाबिगर घास घेत नाई."

नसतील घेत. घाण्यावरचं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल पामोलीनच्या दुपटीनं पडतं आणि काकाजींचा पोरगा पुण्याहून पैसे पाठवतो. आमचं सोयाबीन घाण्यात टाकून काय उपयोग? क्विंटलमागं 18-20 किलो तेल, तेही कारखान्यात हेक्झेन नावाचं रसायन वापरून काढतात. बाकी सारी ढेप.

परदेशी तेल आम्हाला कळत नाही असंही नाही. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा आमच्या बसस्टँडवरचं कांदाभजं लिंबाएवढं होतं ते बोराएवढं झालं. भाव तोच. भजेवाला म्हणे, "वरूनच कमी येऊन राह्यलं."

काकाजी पाऊच हलवत बोलतच होते. मला मात्र बाजार समितीतला दिवस आठवत होता. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 होता. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे दाताखाली धरले, "ओल हाय" म्हणाला आणि 4,100 नं पोती उचलली. मे 2025 मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं होतं. बाहेरचं तेल स्वस्त, म्हणून माझे दाणे स्वस्त. तेव्हा पैसा कुठं चालला हे विचारायला एकही काकाजी ओट्यावर नव्हता. शुल्क लावणाऱ्याला कोणी विचारत नाही, पिशवी घेऊन उभा असलेला बरा सापडतो.

मी निघालो तर काकाजी मागोमाग. त्यांची गाडी बंद पडलेली.

"बापू, अर्धा लिटर पेट्रोल काढून दे ना."

"काकाजी, देशात लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहीरूनच येते."

"ते गाडी पेते रे. आपन थोडीच पेतो!"

नळी मलाच तोंडानं ओढावी लागली. एक घोट पोटात गेला, म्हणजे प्यायलोही मीच. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

घरी आलो. बायकोनं पिशवी उलटी केली.

"दोन सांगितले होते ना? एकच कसं?"

दुसरं काकाजींच्या गाडीच्या डिक्कीत गेलं होतं.