मराठी अक्षरं पुसट दिसतात, पण दोष मराठीचा नाही

‘ब्राउझरमध्ये मराठी पुसट, तुटक दिसतंय? देवनागरी स्क्रीनसाठी बनलेलीच नाही, म्हणून असं होतं. उपाय: रिझोल्युशन कमी करा, क्लिअरटाइप बंद करा, हार्डवेअर ॲक्सिलरेशन कायमचं बंद ठेवा, जादा फॉन्ट उडवा. तरी जमलं नाही तर साइट इंग्रजीत वाचा.’

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपपर्यंत हा मेसेज फिरतो आहे आणि लोक तो जसाच्या तसा करून बघताहेत. मी मुद्रितशोधन करते, दिवसभर ब्राउझरमध्ये मराठीच वाचते. यातले बहुतेक उपाय अक्षर सुधारण्याऐवजी बिघडवतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात जास्त नुकसान रिझोल्युशनच्या सल्ल्यानं होतं. पाचपाखाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी १९२० बाय १०८०चा स्क्रीन १३६६ बाय ७६८वर आणून ठेवला होता. बातमीतला ‘विद्यार्थी’ हा शब्द मी जवळ जाऊन पाहिला. ‘द्य’च्या आतली पोकळी भरून गेली होती आणि ‘र्थी’वरचा रफार वेलांटीत मिसळला होता. “अगं, पण अक्षर मोठं झालं ना?” काका म्हणाले. मोठं झालं, पण फासटून. एलसीडी स्क्रीनचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. १३६६ ठिपक्यांचं चित्र १९२० ठिपक्यांवर पसरायचं म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण १.४ ठिपके येतात. अर्धा ठिपका काही उजळत नाही, त्यामुळे शेजारच्या ठिपक्यांत रंग वाटून द्यावा लागतो आणि कडा विरते. इंग्रजी अक्षर एवढं सोसतं. जोडाक्षराला ते सोसत नाही.

अक्षर मोठं हवं असेल, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असेल तेच ठेवा आणि त्याच पानावरचं ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. मग विंडोज अक्षर नव्यानं मोठं आखतं, लहान चित्र ताणत नाही. एखादीच साइट बारीक दिसत असेल, तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबा. क्रोम त्या साइटपुरतं ते लक्षात ठेवतं. काकांच्या लॅपटॉपवर एवढंच केलं.

क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजमधली अक्षराच्या कडा स्वच्छ दाखवायची सोय, बंद करायचा सल्लाही तसाच. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे शेजारी-शेजारी असतात. क्लिअरटाइप अक्षराची कडा आखताना हे पट्टे वेगवेगळे वापरतं, त्यामुळे आडव्या दिशेनं जास्त बारकावा मिळतो. आपले काने, दंड, वेलांट्यांचे उभे भाग यांना त्याचाच आधार असतो. मायक्रोसॉफ्टनं हे तंत्र १९९८मध्ये जाहीर केलं, २००१च्या विंडोज एक्सपीत आणलं आणि ते आजही कामात आहे. २०२५च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम १३२पासून तर क्लिअरटाइप ट्यूनरमध्ये तुम्ही निवडलेला कॉन्ट्रास्ट आणि गॅमा क्रोमही पाळतं. म्हणजे करायचं ते नेमकं उलट: स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधा, ट्यूनर उघडा, समोर येणाऱ्या नमुन्यांतला डोळ्यांना स्वच्छ वाटेल तो निवडत जा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. मॉनिटर उभा फिरवून वापरत असाल किंवा काही ओएलईडी स्क्रीनसारखी पट्ट्यांची मांडणी वेगळी असेल, तर कडांना रंगीत झालर दिसते. तिथे बंद करणं योग्य, सगळ्यांनी नव्हे.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणजे ब्राउझरनं चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणं. त्याबद्दल मेसेज अर्धाच खरा आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला असेल, तर अक्षरं फाटतात, गायब होतात, आणि ॲक्सिलरेशन बंद केल्यावर नीट दिसतात. पण ही तपासणी झाली, उपचार नाही. फरक पडला, तर ड्रायव्हर अद्ययावत करून ते पुन्हा चालू करा. पडला नाही, तर लगेच चालू करा. नाहीतर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.

फॉन्ट उडवू नका, एवढंच कळकळीनं सांगते. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसेल, तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते, कारण त्यात देवनागरी इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असते. छपाईवाल्यांकडे अशा फायली अजून भरपूर आहेत. नव्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट असतो. मंगल, कोकिळा वगैरे देवनागरी पूरक फॉन्ट मात्र विंडोजच्या ऐच्छिक सुविधांमधून (‘ऑप्शनल फीचर्स’) घ्यावे लागतात. तेव्हा पानाला मंगल हवा असेल आणि तो नसेल, तर फॉन्ट वाढवायचा आहे, कमी करायचा नाही.

आता तो मूळ दावा, देवनागरी स्क्रीनसाठी बनलेलीच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं विंडोजसाठी रेखाटला. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी, ही उलटापालट क्रोम आणि फायरफॉक्स दोघांतही हार्फबझ नावाचं इंजिन बिनचूक करतं. एवढं मात्र खरं, की आपल्याकडे एकाच ओळीत वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार असं सगळं मावायला लागतं. १५.६ इंचाच्या १३६६ बाय ७६८ स्क्रीनवर इंचाला जेमतेम १०० ठिपके येतात. मोबाइलवर कित्येक पट जास्त, म्हणून तीच बातमी तिथे स्वच्छ वाचता येते. याला उत्तर अक्षराचा आकार वाढवणं हे आहे, भाषा बदलणं नाही.

आणि ज्या कारणाचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही, ते म्हणजे स्वतः ते पान. एकाच साइटवर अक्षरं तुटत असतील आणि बाकी सगळीकडे नीट असतील, तर तुमच्या मशीनला हात लावू नका. इंग्रजी मथळ्याला शोभा यावी म्हणून डिझायनर अक्षरांत अंतर टाकतात, तोच नियम मराठी मथळ्यालाही लागतो आणि ‘निवडणूक’ची शिरोरेषा नि, व, ड, णू, क अशी पाच तुकड्यांत फुटते. खात्री करायची, तर त्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा आणि लेटर-स्पेसिंगच्या ओळीपुढची खूण काढा. शिरोरेषा डोळ्यांदेखत जुळते. ओळीची उंची कमी ठेवली की वरच्या मात्रा छाटल्या जातात, तीही त्याच जातीची चूक. साइटवाल्यांना दोन ओळी लिहा: मराठी मजकुराचं लेटर-स्पेसिंग शून्य करा, ओळीची उंची वाढवा. सोबत स्क्रीनशॉट जोडा.